मुंबई विमानतळावर उतरलो, आता पुढे कसं जायचं?

मागच्या अंकात विमानप्रवासाबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा म्हटलं होतं, आणि आलेली बहुतेक पत्रं विमानाबद्दल नव्हतीच, विमान उतरल्यानंतरची होती. म्हणजे विमानात बसायची भीती नाही वाटत लोकांना, बाहेर पडल्यावर काय करायचं याची वाटते. मला याचं अजिबात नवल वाटलं नाही. मी बावीस वर्षं मुंबई विमानतळावर ग्राउंड स्टाफमध्ये काढली आणि त्यातली बरीचशी अरायव्हलला, त्यामुळे दारातून बाहेर पडून ट्रॉली धरून नुसती उभी राहिलेली माणसं मी रोज बघितली आहेत. त्यांना कुणीतरी आधी दोन गोष्टी सांगितल्या असत्या तर बरं झालं असतं असं तेव्हाही वाटायचं, म्हणून आता सांगते.

आईला टाटा हॉस्पिटलला दाखवायचं आहे. नागपूरहून विमानाने येणार, आम्हा दोघींचाही हा पहिलाच विमानप्रवास. आई ६८ वर्षांची आहे, फार चालवत नाही. उतरल्यावर परळपर्यंत कसं जावं? मेट्रो झाली आहे असं ऐकलं. – एक वाचक, नागपूर

ताई, सगळ्यात आधी मेट्रो डोक्यातून काढून टाका. मेट्रो छान आहे, पण टाटाच्या दाराशी ती जात नाही, मधे उतरून परत टॅक्सी शोधावी लागेल आणि आजारी माणसाला घेऊन हे करू नये. तुम्ही सरळ टॅक्सी करा.

पण त्याच्या आधीचं महत्त्वाचं. तिकीट काढतानाच आईंसाठी व्हीलचेअर मागा, आदल्या दिवशी फोन करून नाही. आणि मागताना नीट सांगा, कारण व्हीलचेअरचे तीन प्रकार असतात: जिना चढता येतो पण लांब चालवत नाही, जिनाही चढवत नाही, आणि सीटपर्यंतसुद्धा उचलून न्यावं लागतं. बरेच जण नुसतं व्हीलचेअर हवी म्हणतात, मग समजा विमान टर्मिनलला जोडणाऱ्या पुलाला न लागता बाहेर उभं राहिलं आणि शिडीने उतरायची वेळ आली की खाली व्हीलचेअर तयार असते आणि आई वर दारात उभ्या. जिना जमत नाही हे आधी नोंदवलेलं असेल तर त्याची वेगळी सोय करतात. डॉक्टरांकडून प्रवासाला हरकत नाही अशी चिठ्ठीही घेऊन ठेवा, विशेषतः नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर, नाहीतर काउंटरवर अडतं.

व्हीलचेअरची लाज वाटते असं खूप जणींच्या आया म्हणतात, मी चालेन गं, कशाला ते. टी२ मध्ये, म्हणजे टर्मिनल २ मध्ये, विमानापासून बॅगेच्या बेल्टपर्यंतचं अंतर चांगल्या तब्येतीच्या माणसालाही लांब वाटतं. आईंना सांगा, त्यांची ताकद पुढे हॉस्पिटलच्या रांगेसाठी लागणार आहे, इथे खर्च करायची नाही.

उतरल्यावर घाई करू नका. व्हीलचेअर असली की सगळे उतरून गेल्यावर तुम्हाला उतरवतात, त्यामुळे आपण मागे राहिलो असं वाटून घाबरू नका. बेल्टच्या जागी वर स्क्रीन असतो त्यावर तुमच्या फ्लाइट नंबरसमोर बेल्टचा नंबर दिसतो. ट्रॉलीला पैसे पडत नाहीत. आणि जो मुलगा व्हीलचेअर ढकलतो त्याला स्पष्ट सांगा की दादा, टॅक्सीत बसेपर्यंत सोबत ये, दारात सोडून जाऊ नको. सांगितलं तर येतात.

टॅक्सीचं म्हणाल तर तुमच्यासाठी मी प्रीपेडच सांगेन, काउंटर आतच आहे, बाहेर पडायच्या आधी. टाटा हॉस्पिटल, परळ असं सांगायचं, पैसे भरायचे, पावतीवर गाडीचा नंबर बघायचा आणि ती पावती ड्रायव्हरच्या हातात पोचल्यावरच द्यायची, आधी नाही. हे लक्षात ठेवा, कारण ती पावती म्हणजेच त्याचे पैसे, ती तुमच्याकडे असेपर्यंत तो तुम्हाला बरोबर दारात नेऊन सोडतो. अंदाज यावा म्हणून सांगते, काळी-पिवळीचं मीटर २०२५ च्या फेब्रुवारीपासून पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये आणि पुढे किलोमीटरला २० रुपये ६६ पैसे आहे, म्हणजे १५-१६ किलोमीटरचे साडेतीनशेच्या आत-बाहेर होतात, रात्री १२ ते पहाटे ५ मधे पाव पट जास्त. प्रीपेडला किंवा ॲपला याहून जास्त पडेल, सामानाचेही वेगळे लागतात, पण हा आकडा माहीत असला की कुणी दोन-अडीच हजार मागितले तर कळतं. रिक्षा स्वस्त म्हणून त्यात बसू नका, रिक्षा माहीम-सायनच्या पुढे शहरात जाऊच शकत नाही, वाटेत उतरवतील.

आणि शक्यतो सकाळी अकराच्या अपॉइंटमेंटसाठी त्याच दिवशी सकाळच्या फ्लाइटने येऊ नका. सकाळी नऊच्या ट्रॅफिकमधे वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवरून परळला दीड तासही लागतो आणि गाडीत बसलेल्या पेशंटला तो फार जड जातो. आदल्या दिवशी दुपारी या. दुपारच्या वेळात रस्ता त्यातल्या त्यात मोकळा असतो. आईंना बरं वाटू दे, मला कळवा.

मुलाखतीसाठी छत्रपती संभाजीनगरहून मुंबईला जातोय, मंत्रालयाजवळ आहे. बजेट कमी आहे, टॅक्सी परवडणार नाही. लोकलला पार्ल्याला जाऊ का अंधेरीला? – एक विद्यार्थी

कुठेच जाऊ नको रे. तुझ्यासाठीच तर मेट्रो आहे. ॲक्वा लाइन, म्हणजे मेट्रो ३, ऑक्टोबर २०२५ मधे कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली, आरेपासून कफ परेड साडेतेहतीस किलोमीटर, आणि तिला टी१ ला वेगळं स्टेशन आहे आणि टी२ ला वेगळं. दोन्ही स्टेशनं टर्मिनलच्या जवळ आहेत, थोडं चालावं लागतं, बोर्ड लावलेत. तू विधान भवन स्टेशनला उतर, मंत्रालय तिथून चालत आहे. तिकीट पूर्ण लाइनचंच जास्तीत जास्त ७० रुपये आहे, तुला त्याहून जास्त पडणारच नाही. वेळ धर पाऊण-एक तास. मी नोकरीला असताना कुलाब्याला जाणाऱ्या माणसाला संध्याकाळी दोन तास धरा असं सांगायचे, आता कुठलीही गर्दीची वेळ असो, वेळ तेवढाच लागतो, हे मला अजूनही फार भारी वाटतं.

दोन गोष्टी बघ. प्लॅटफॉर्मवर गाडी कफ परेडकडे जाणारी आहे ना ते वाचून चढ, आरेची पकडलीस तर उलटा जाशील. आणि तिकीट आत शिरायच्या आधी, नेट चालू असताना काढ किंवा काउंटरवर घे, भुयारात नेटवर्कचा भरवसा धरू नये. सकाळी साधारण सहापासून गाड्या आहेत, रात्री साडेदहाला शेवटच्या सुटतात, म्हणून परतीची फ्लाइट उशिराची असेल तर हिशोब कर. गर्दीच्या वेळी लोकलला फाइल आणि इस्त्रीचा शर्ट घेऊन चढायचा विचारही करू नको. ऑल द बेस्ट!

आम्ही दोघं अमेरिकेहून मुलीकडून परत येतोय, मी ७१, हे ७५. विमान रात्री दीडला उतरतं. घर पुण्यात कोथरूडला. मुलगी म्हणते रात्रीच कॅब करून घरी जा, हे म्हणतात सकाळपर्यंत थांबू आणि शिवनेरीने जाऊ. कोणाचं ऐकू? – एक काकू, पुणे

काकू, मी तिसरंच सांगते, पण आधी का ते ऐका.

दीडला विमान टेकलं म्हणजे तुम्ही दीडला बाहेर येत नाही. चालणं, इमिग्रेशन, मग चार मोठ्या बॅगा बेल्टवरून येईपर्यंत अडीच-तीन होतात, रात्री त्याच दोन तासांत बरीच आंतरराष्ट्रीय विमानं येतात आणि रांग मोठी असते. दोघांसाठी व्हीलचेअर घेतली असेल तर रांगेचा त्रास वाचतो. मुलीला सांगून फास्ट ट्रॅक इमिग्रेशनचं रजिस्ट्रेशन करून ठेवलंत तर भारतीय पासपोर्टला आणि ओसीआय कार्डाला (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांचं कार्ड) ते मुंबईत चालतं, त्यात मशीनच्या गेटमधून जाता येतं, मात्र बोटांचे ठसे आणि फोटो एकदा द्यावा लागतो त्यामुळे ऐनवेळी होत नाही.

आता तीनला तुम्ही बाहेर. पुण्याला दीडशे किलोमीटर, रात्री रस्ता मोकळा असतो, तीन-साडेतीन तासांत घरी. ऐकायला बरं वाटतं. पण जो ड्रायव्हर पुण्याहून तुम्हाला घ्यायला येतो तो संध्याकाळी आठला निघालेला असतो, दिवसभर कुठेतरी गाडी चालवलेली असते, पार्किंगमधे डास मारत बसलेला असतो, आणि मग पहाटे चार-पाचला, झोप सगळ्यात गाढ येते त्या वेळेला, तुम्हाला घेऊन एक्स्प्रेसवेवर असतो. माझ्या सख्ख्या मामांची गाडी अशीच पहाटे खालापूरच्या अलीकडे कडेच्या कठड्याला घासली होती. ड्रायव्हरचा डोळा लागला होता. मामा-मामी वाचले, मामींच्या मनगटात अजून प्लेट आहे. तेव्हापासून मी कुणालाही हे सांगितल्याशिवाय राहत नाही.

आणि काकांचं शिवनेरीचं म्हणणं बसपुरतं ठीकच आहे, शिवनेरी उत्तम, पण ती दादर पूर्वेला मिळते आणि चार बॅगा घेऊन विमानतळ ते दादर, तिथे बॅगा चढव-उतरव, पुण्यात परत रिक्षा, हे पंचाहत्तरीच्या माणसाने २० तासांच्या प्रवासानंतर करू नये. एक बॅग असती तर मीच हो म्हटलं असतं.

म्हणून माझं म्हणणं, त्या रात्रीपुरती विमानतळाजवळ एखादी साधी खोली घ्या, अंधेरी पूर्वेला सहार रोडला, मरोळला भरपूर आहेत, विमानतळावरून घ्यायला गाडी पाठवतात का ते बुक करताना विचारा. आंघोळ करा, झोपा, सकाळी नाश्ता करून दहाला कॅबने निघा. अगदी रात्रीच जायचं असेल तर मुंबईची गाडी ठरवा आणि ठरवतानाच विचारा की ड्रायव्हर रात्रपाळीचाच आहे ना, दिवसा झोपलेला. गाडीत बसल्यावर एकाने जागं राहून त्याच्याशी बोलत राहायचं आणि फूड मॉलला थांबून त्याला चहा पाजायचा.

पैशांचं: भाडं ठरवताना टोल, पार्किंग धरून का ते आधीच बोला. एक्स्प्रेसवेचा टोल गाडीला ३२० रुपये आहे एका बाजूचा. पण वाशी नाक्याला छोट्या गाड्यांचा टोल ऑक्टोबर २०२४ पासून माफ आहे, मुंबईच्या पाचही नाक्यांवर, तरी अजून काही जण तो लावतात, तर तो देऊ नका. आणि अजून एक, टर्मिनलच्या दाराबाहेर एकदा पाऊल टाकलंत की परत आत सोडत नाहीत, त्यामुळे ड्रायव्हरला फोन करून तो आलाय याची खात्री आत बसूनच करा. अमेरिकेचं सिम इथे चालेलच असं नाही, म्हणून ड्रायव्हरचा नंबर, गाडीचा नंबर आणि घरचा एक नंबर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून पर्समधे ठेवा. फोन बंद पडला तरी तो कागद दाखवून कोणीही एक फोन लावून देतं, मी स्वतः शेकडो वेळा लावून दिलाय.

नवीन तिकिटावर मुंबई लिहिलंय पण मित्र म्हणतो ते नवी मुंबईचं आहे. फरक कसा ओळखायचा? – एक वाचक, सांगली

तिकिटावरचा विमानतळाचा तीन अक्षरी कोड बघा. बीओएम (BOM) असेल तर सांताक्रूझ-सहारचं जुनं विमानतळ, एनएमआय (NMI) असेल तर उलव्याचं नवी मुंबई, जिथून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं सुटायला लागली. दोघांत ३५-४० किलोमीटरचं अंतर आहे, चुकीच्या ठिकाणी गेलात तर फ्लाइट गेलीच म्हणून समजा. सांगली-पुण्याकडून येणाऱ्याला नवी मुंबई जवळ पडतं, पनवेल ओलांडून मुंबईत शिरावंच लागत नाही. दक्षिण मुंबईतून जायचं तर अटल सेतू आहे, गाडीला एका वेळचे २५० रुपये टोल.

बीओएम असेल तर पुढचा प्रश्न टी१ का टी२. परदेशची सगळी टी२ वरून, देशातली दोन्हीकडून, आणि एकाच कंपनीची काही इथून काही तिथून असंही असतं. कंपनीच्या नावावरून ठरवू नका, आदल्या दिवशी तिकीट उघडून वाचा. चुकलंच तर घाबरू नका, टी१ ते टी२ मेट्रोने मधे फक्त सहार रोड हे एकच स्टेशन आहे, हायवेच्या ट्रॅफिकमधे रिक्षाने जाण्यापेक्षा ते खात्रीचं.

भाचा मस्कतहून सुट्टीवर येतोय, संध्याकाळी सहाला उतरेल. चिपळूणला यायचंय, कोकणकन्या मिळेल ना? – एक वाचक, चिपळूण

मिळेल, आरामात मिळेल. कोकणकन्या सीएसएमटीहून रात्री अकराच्या सुमारास सुटते, म्हणजे मधे पाच तास आहेत, आणि विमान उशिरा आलं तरी जीव घाबरा करायला नको एवढा वेळ हवाच. पण आखातातून येणारा माणूस म्हणजे हातात खोके आले! एक बॅग असेल तर मेट्रो सरळ सीएसएमटीला नेऊन सोडते. दोन खोके असतील तर टॅक्सी करायला सांगा, आणि गाडी जिथून सुटते तिथूनच चढायला सांगा, ठाण्याला-पनवेलला गाडी थोडा वेळ थांबते आणि तेवढ्यात सामान चढवताना फार धावपळ होते. खोक्याच्या चारी बाजूंनी मार्करने नाव आणि फोन लिहायचा, नुसतं वर नाही, बेल्टवर खोका उलटा येतो आणि सुतळी बांधलेले दहा खोके एकसारखे दिसतात. रिझर्वेशन आता ६० दिवस आधी उघडतं, गणपतीत-मे महिन्यात येणार असेल तर त्याच दिवशी सकाळी काढा.

बॅग बेल्टवर आलीच नाही तर? – एक वाचक, नाशिक

बाहेर पडू नका, एवढंच मुख्य. तिथेच बेल्टजवळ तुमच्या विमान कंपनीचं काउंटर असतं, पीआयआर नावाचा फॉर्म भरा, त्याचा नंबर घ्या. बोर्डिंग पासला चिकटवलेलं बॅगेचं छोटं स्टिकर तोपर्यंत फेकायचं नाही. घरी जाऊन मग फोन करू म्हटलं की पुढे सगळं अवघड होतं. परदेशातून आला असाल तर बॅग फुटली-मोडली असेल तेव्हा ७ दिवसांत लेखी कळवावं लागतं आणि बॅग २१ दिवसांत आली नाही तर हरवली असं धरून भरपाई मागता येते.

आम्ही डोंबिवलीहून दुबईला मुलाकडे दिवाळीला जातोय. टॅक्सीच करावी का? आणि किती आधी निघावं? फराळ नेऊ शकतो ना? – एक ताई, डोंबिवली

सामान कमी आणि दिवसाची फ्लाइट असेल तर टॅक्सीची गरज नाही. लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो १ ने मरोळ नाका, तिथे खाली उतरून मेट्रो ३ आणि पुढचंच स्टेशन टी२. दुपारी हे छान होतं, सकाळी नऊच्या लोकलला बॅगा घेऊन नाही. रात्रीची फ्लाइट आणि मोठ्या बॅगा असतील तर मात्र टॅक्सीच. विमानतळावर तीन तास आधी पोचायचं, काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो आणि मग हातापाया पडून उपयोग नसतो, आमच्याही हातात काही नसायचं. पावसाळ्यात कधी गेलात तर अंधेरी सबवेच्या वाटेला जाऊ नका, पाणी भरलं की तो बंद करतात.

फराळ जरूर न्या. लाडू, चकल्या, शंकरपाळे मोठ्या बॅगेत नीट बांधून. लोणचं आणि तूप हातातल्या बॅगेत अजिबात नको. पॉवर बँक उलट हातातल्याच बॅगेत हवी, मोठ्या बॅगेत निघाली तर बॅग अडकते. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या घेऊ नका, त्यात तेल असतं आणि ते पेट घेऊ शकतं म्हणून चालत नाहीत. दिवाळीत स्क्रीनिंगला बाजूला काढलेल्या बॅगांत किती वेळा कागदात गुंडाळलेल्या त्याच वाट्या निघायच्या, आणि ती आजी म्हणायची, अहो घरच्या नारळाचं आहे.

आणि अनारसे. ताई, हे नीट वाचा: दुबईत, म्हणजे पूर्ण यूएईत, खसखशीला बंदी आहे, ते लोक तिला अमली पदार्थात धरतात. अनारशाला लावलेली खसखससुद्धा त्यातच आली, घरच्या मसाल्यात घातलेलीही. मुलाला अनारसे आवडत असतील तर पीठ न्या, तिकडे तळा आणि खसखशीऐवजी तीळ लावा.